आजीच्या उशाखालच्या कॅप्सूल

दिवाळीत केळझरला गेले तर आजी खोकून बेजार! आजीने बिडी कधी ओढली नाही, पण चाळीस वर्षं चुलीपुढे काढली. त्या धुरानेच सीओपीडी, म्हणजे फुप्फुसांचा जुना आजार जडला. उशाखाली मागच्या खेपेच्या चार कॅप्सूल. "काहून फेकू? याच्यानंच बरं वाटलं होतं!"

डॉक्टरांनी मात्र आमच्या फ्लोचार्टसारखे तीनच प्रश्न विचारले. धाप वाढली? बेडका वाढला? त्याचा रंग पिवळा-हिरवा झाला? १९८७ साली कॅनडात अँथोनिसन आणि सहकाऱ्यांना दिसलं, की तिन्ही उत्तरं 'हो' असतील तर अँटिबायोटिकचा चांगला फायदा होतो. एकच असेल तर जवळपास नाही. आता रंग बदलून सोबत आणखी एक लक्षण असलं तरी देतात, साधारण पाच दिवस. (हिरवा रंग जंतूंचा नाही बरं का, त्यांच्याशी लढायला आलेल्या पांढऱ्या पेशींचा!) बरेच झटके विषाणूंमुळे येतात, तिथे या कॅप्सूल काय करणार? उगाच घेतल्या तर जंतू तेवढे निर्ढावतात.

आजीची धाप वाढली होती, पण बेडका पांढराच. पंप आणि पाच दिवस स्टेरॉइडच्या गोळ्या, एवढ्यावर भागलं. ओठ निळे पडले किंवा बोलवेना झालं तर मात्र लगेच दवाखाना, असं बजावलंय.

त्या चार कॅप्सूल मी आजीच्या नकळत हॉस्टेलला घेऊन आले.