आठ वॅटमध्ये मावणारं गाणं

१९५१ साली न्यू यॉर्कच्या ऑडिओ फेअरमध्ये लोकांनी गर्दी केली ती आगगाडी ऐकायला. एमरी कुक या अमेरिकी ध्वनिमुद्रकाने न्यू यॉर्क सेंट्रल रेल्वेची वाफेची इंजिनं रात्रीच्या वेळी रुळांलगत मुद्रित केली होती. ‘रेल डायनॅमिक्स’ ही त्याची तबकडी बघता बघता हौशी मंडळींच्या घरोघरी पोचली. ही मंडळी म्हणजे ॲम्प्लिफायर स्वतः जोडणारे, स्पीकरच्या पेट्या घरीच करवतणारे, तारांना डाख देता देता बोटं भाजून घेणारे. यांना गाण्यापेक्षा यंत्राचंच वेड जास्त, अशी टीका तेव्हापासून होत आली आहे. ती अन्यायाची आहे. या लोकांच्या आवडीमागे भौतिकशास्त्र आहे आणि ते समजून घेतलं की त्यांचं रेकॉर्डचं कपाट वेगळंच दिसू लागतं.

इंजिनाचा फुत्कार हा एका क्षणात उसळणारा आणि खालपासून वरपर्यंत सर्व कंप्रता व्यापणारा आवाज. तो अचानक येतो आणि तितकाच अचानक संपतो. स्पीकरचा कागदी पडदा त्या वेगाने हलला नाही, किंवा हलल्यावर लगेच थांबला नाही, तर फुत्काराची फुसफुस होते. सुरेल व्हायोलिनमध्ये लपणारा दोष इथे उघडा पडतो. कुक पुढे त्रिनिदादला गेला आणि तिथले कॅलिप्सो गायक आणि तेलाच्या पिंपांपासून बनवलेल्या स्टील पॅनचे ताफे त्याने मुद्रित केले. पॅनवर पडणारा घावही तसाच झटक्याचा, फक्त त्यातून सूर उमटतो. आगगाडीसाठी तयार झालेल्या कानांना तो भावला यात नवल नाही. कुकचा सारा संग्रह १९९० मध्ये वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेकडे गेला. कॅरिबियन संगीताचा तो आज मोलाचा ठेवा आहे.

ॲम्प्लिफायर घरी जोडण्याची ही हौस फोफावली ती त्या ऑडिओ फेअरच्या चार वर्षं आधी, इंग्लंडमध्ये. ‘वायरलेस वर्ल्ड’ मासिकाच्या एप्रिल आणि मे १९४७ च्या अंकांत डी. टी. एन. विल्यमसन या चोविशीतल्या इंजिनिअरने एका ॲम्प्लिफायरचा आराखडा दिला. त्याची ताकद १५ वॅट आणि विरूपण, म्हणजे मूळ आवाजात यंत्राने घातलेली भर, फक्त ०.१ टक्का. तोवर घरगुती यंत्रांत इतकी शुद्धता कुणी पाहिली नव्हती. जगभरच्या हौशींनी तो आराखडा घरी जोडला. पण इतक्या शुद्ध यंत्रावर वाजवायचं काय? जुन्या रेकॉर्डमध्ये यंत्राला खाद्यच नव्हतं. ते पुरवलं डेका कंपनीने. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश आणि जर्मन पाणबुड्यांचे आवाज वेगळे ओळखण्याचं प्रशिक्षण देण्यासाठी डेकाच्या आर्थर हॅडीने मुद्रणाची नवी पद्धत विकसित केली होती. युद्ध संपल्यावर तीच पद्धत संगीताकडे वळली. तिने १४,००० हर्ट्झपर्यंतचे सूर पकडता येत. १९४६ मध्ये आन्सर्मेच्या दिग्दर्शनाखाली मुद्रित झालेलं स्ट्राविन्स्कीचं ‘पेत्रुश्का’ हे त्या पद्धतीचं गाजलेलं उदाहरण. झांजा, झायलोफोन, ट्रम्पेट, सगळ्या चमकत्या वाद्यांची त्यात रेलचेल. एरवी शुबर्टपाशी थांबले असते असे कितीतरी कान त्या चमकेपायी विसाव्या शतकाच्या संगीतापर्यंत पोचले असणार.

तोफांचं प्रकरण मात्र जरा वेगळं. चायकोव्स्कीच्या ‘१८१२’ या रचनेत तोफा आहेतच. १९५४ मध्ये मर्क्युरी कंपनीने अंताल दोराती यांच्या वाद्यवृंदाला वेस्ट पॉइंटच्या खऱ्या तोफेची साथ दिली आणि ती कशी मुद्रित केली याचं निवेदनही तबकडीवरच ऐकवलं. १९७९ च्या टेलार्कच्या तबकडीवर तर स्पीकर जपा, अशी सूचनाच छापलेली होती. तोफेच्या जागी त्या तबकडीची खाच नुसत्या डोळ्यांना दिसेल एवढी वळते आणि सुई धरणारा टोनआर्म हलका असला तर सुई उडते. असली तबकडी पुन्हा पुन्हा लावणाऱ्याला संगीतापेक्षा सामर्थ्याची मोजणी हवी असते, हे मान्य करायला हवं.

आता याच्या अगदी उलट टोकाला जाऊ. ३००बी हा व्हॉल्व्ह (काचेची निर्वात नळी) अमेरिकेच्या वेस्टर्न इलेक्ट्रिकने १९३८ मध्ये आणला. एकटा वापरला तर त्याच्यातून निघतात जेमतेम आठ वॅट. १९७० च्या दशकात जपानमधल्या आणि फ्रान्समधल्या हौशींनी हे जुनं तंत्र पुन्हा उचलून धरलं, आणि आजही हजारो रुपयांचे लोखंडी ट्रान्सफॉर्मर बसवून लोक हे आठ वॅट घरी बनवतात. अशा घरांत एकट्या स्त्रीचा आवाज, गिटार, सेलो, छोटा जॅझ ताफा असं संगीत वारंवार ऐकू येतं. माहलरच्या सिंफनीला सहसा जागा नसते.

कारण आपल्या सप्तकाच्या भाषेत सांगता येतं. या रचनेतल्या व्हॉल्व्हचं विरूपण मुख्यतः दुसऱ्या उपस्वराचं असतं. षड्ज २४० हर्ट्झचा धरला तर यंत्र त्यात ४८० हर्ट्झचा, म्हणजे तार षड्जाचा, हलका अंश मिसळतं. तो परका वाटत नाही, उलट आवाज भरीव वाटतो. षड्जाबरोबर ३६० हर्ट्झचा पंचम आला की यंत्र त्या दोघांतल्या फरकाचाही सूर काढतं. ३६० वजा २४० म्हणजे १२०, बरोबर मंद्र षड्ज. तोही चालतो. पण २४० च्या षड्जासोबत २५६ चा कोमल रिषभ वाजू द्या. फरक निघतो १६ हर्ट्झ, जो कुठल्याच स्वराच्या घरात बसत नाही, आणि पाठोपाठ २२४ आणि २७२ असे आजूबाजूला घासणारे सूर उगवतात. साठ-सत्तर वादकांचा वाद्यवृंद एका वेळी डझनभर सूर काढतो. अशा जोड्यांची संख्या किती होईल याचा अंदाज करावा. एकट्या गळ्याला गोडवा देणारा हाच गुण समूहात गढूळपणा होतो.

ताकदीचा हिशेबही तसाच बोलका आहे. एका वॅटवर एक मीटर अंतरावर ८७ डेसिबल देणारा स्पीकर आठ वॅटवर ९६ डेसिबलपर्यंत जातो. भोंग्याचा, १०० डेसिबल देणारा स्पीकर तेवढ्याच ताकदीत १०९ वर पोचतो. पहिल्याला तिथे न्यायचं तर १६० वॅट लागतील. म्हणून या पंथात भोंगे मोठे आणि खोल्या त्यांच्यापुढे लहान पडतात. ज्यांना जागा नाही ते चार इंची एकच पडदा असलेल्या स्पीकरवर समाधान मानतात. त्याच्याकडून ७०-८० हर्ट्झखाली फारशी आशा नसते. गिटारची सर्वांत खालची तार ८२ हर्ट्झची, व्हायोलिनची १९६ ची. ऑर्गनची ३२ फुटी नळी मात्र १६ हर्ट्झवर घुमते. आवड आणि यंत्र यांतलं आधी काय आलं हे मालकालाही सांगता येऊ नये, इतके ते एकमेकांत मुरलेले असतात.

पण एकटा गळा हीच यंत्राची खरी कसोटी, हा समज प्रयोगात टिकला नाही. शॉन ऑलिव्ह या ध्वनिशास्त्रज्ञाने १९९० च्या दशकात ऐकणाऱ्यांना स्पीकरच्या स्वररंगातले दोष ओळखायला लावले आणि कोणत्या ध्वनीवर ते सर्वांत चटकन ओळखू येतात हे तपासलं. प्रत्येक सप्तकात सारखीच ऊर्जा भरलेला पिंक नॉइज पहिला आला. संगीतात ट्रेसी चॅपमनचं ‘फास्ट कार’ वरच्या क्रमांकावर होतं. बोलणं आणि एकटी वाद्यं तळाला राहिली. विरळ संगीतात मुळात ठरावीक कंप्रताच असतात, त्यामुळे इतर जागचा दोष बोलायला उठतच नाही. पाहुण्यांना खूश करायला लोक जे लावतात, त्यावर त्यांचं यंत्र सर्वांत कमी उघडं पडतं.

भारतीय संगीतालाही या जगात मानाचं स्थान आहे. ‘ए मीटिंग बाय द रिव्हर’मध्ये पंडित विश्वमोहन भट्ट यांची मोहनवीणा आणि राय कूडर यांची गिटार आहे. वॉटर लिली अकूस्टिक्सच्या कवी अलेक्झांडर यांनी ते सांता बार्बरातल्या एका चॅपेलमध्ये मुद्रित केलं. टिम द पाराविचिनी यांनी खास बनवलेली व्हॉल्व्हची यंत्रं त्यासाठी वापरली होती. १९९३ मध्ये ते प्रसिद्ध झालं आणि पुढच्या वर्षी त्याला ग्रॅमी मिळालं. चॅपेलमधल्या हवेची खोली त्यात ऐकू येते, म्हणून हौशींना ते प्रिय.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तापकीर गल्लीत सुटे भाग धुंडाळणाऱ्याकडे मात्र यंत्र पारखायला याहून जवळचं साधन आहे. १९३० च्या दशकातल्या उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेबांच्या तबकड्यांत सहा-सात हजार हर्ट्झच्या वर फारसं काही नसतं. त्यांना चार इंची पडदाही पुरेसा न्याय देतो, वरच्या सुरांसाठीच्या ट्वीटरने फक्त खरखर वाढते. आधुनिक मैफलीच्या मुद्रणात तर गायक सुरू होण्याआधीचा नुसता तानपुरा घ्यावा. सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्येच दाखवलं की तानपुऱ्याच्या रुंद घोडीमुळे, तार छेडण्याच्या जागेवरून जे उपस्वर उमटायलाच नकोत तेही उमटतात. काळी एकच्या खर्जाचा मूळ सूर ६९ हर्ट्झचा. छोट्या स्पीकरला तो पेलत नाही, तरीही खर्ज ऐकू येतो, कारण वरच्या उपस्वरांतील अंतरावरून मेंदू मूळ सूर जुळवून घेतो. पाचवा उपस्वर, ३४६ हर्ट्झच्या आसपासचा, म्हणजे आपला स्वयंभू गंधार. चाळिसावा २,८०० च्या जवळ जातो. सतत चालणारा आणि इतका भरगच्च हा ध्वनी ऑलिव्हच्या पिंक नॉइजचं निम्मं काम तरी करेल, असं मानायला जागा आहे. स्पीकर दोन-तीन हजार हर्ट्झच्या पट्ट्यात चढा असेल तर जवारी, म्हणजे त्या घोडीमुळे येणारी झणझण, पत्र्यासारखी वाजते. साडेतीनशेच्या आसपास तो दबलेला असेल तर गंधार हरवतो. अशा वेळी पेटीच्या आतलं अस्तर वाढवून किंवा पडद्यांना कंप्रता वाटून देणाऱ्या क्रॉसओव्हरमधला एखादा रेझिस्टर बदलून तोच तानपुरा पुन्हा लावायचा.