गुंठा विकण्याआधी : घरखर्च आवरून कर्जातून बाहेर कसं पडायचं

(व्याख्यानाचे शब्दांकन)

बाहेर पाऊस असूनही इतके जण आलात, त्यात महिला निम्म्याहून जास्त आहेत, याचा आम्हाला विशेष आनंद आहे. आजचा विषय घराच्या हिशेबाचा आहे आणि तो घरातल्या एकट्यादुकट्या माणसाकडून सुटत नाही.

मावळात कर्जाविषयी बोलायला बसलं की थोड्या वेळात एक वाक्य येतंच : "एखादा गुंठा काढला की सगळं मिटतं." द्रुतगती मार्ग झाला, तळेगावची एमआयडीसी वाढली, लोणावळ्याच्या आसपास बंगल्यांना जागा जाऊ लागल्या, आणि जमीन विकणं हा कर्जावरचा पहिलाच उपाय होऊन बसला. आम्ही काही वर्षं गावोगाव कुटुंबांबरोबर घरखर्चाच्या वह्या घेऊन बसतो. तिथे पुन्हापुन्हा दिसलेली गोष्ट अशी : गुंठा विकून कर्ज फिटतं, पण ज्या खर्चामुळे ते झालं तो खर्च तसाच राहतो. दोन-तीन वर्षांत कर्ज परत उभं राहतं आणि तेव्हा विकायला जमीन कमी उरलेली असते.

म्हणून आमचं सांगणं एवढंच, की आधी खर्च आवरा, जमिनीचा विचार त्यानंतर करा. हे कसं करायचं ते आज आकड्यांत पाहू.

कर्ज नेमकं कशाने वाढतं?

आपल्याकडे लगेच उत्तर येतं, लग्नामुळे. लग्नाचा खर्च मोठा असतो हे खरंच आहे. पण आपल्याच जिल्ह्यातली एक जुनी गोष्ट ऐका. 12 मे 1875 रोजी सुपे इथे शेतकऱ्यांनी सावकारांची खतं आणि वह्या जाळल्या. तिथून सुरू झालेला उठाव पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरला. इतिहासात त्याला दख्खनचे दंगे म्हणतात. सरकारने चौकशीसाठी आयोग नेमला. शेतकरी लग्नकार्यांत पैसा उधळतो म्हणून बुडतो, असं तेव्हाचे अनेक अधिकारी म्हणत. आयोगाने मात्र लिहिलं, की लग्नखर्चाला वाजवीपेक्षा जास्त दोष दिला जातो. धान्य, बियाणं, बैल, सरकारचा सारा अशा पुन्हापुन्हा येणाऱ्या लहान रकमांनीच कर्ज जास्त फुगतं.

दीडशे वर्षं झाली. बैलाच्या जागी मोटरसायकल आली, साऱ्याच्या जागी हप्ते आले. तत्त्व तेच आहे. लग्न एकदा होतं, किराण्याची उधारी दर महिन्याला होते.

पहिलं काम : कर्जांची यादी, व्याजाच्या क्रमाने

आपण एक घर मनात धरू. कामशेतच्या बाजूचं. नवरा तळेगावला कंत्राटी कामगार, बायको लोणावळ्यात शनिवार-रविवार बंगल्यावर स्वयंपाकाला जाते. दोघांचे मिळून महिन्याला 32,000 रुपये येतात. घरात दोन मुलं आणि आजी. कर्ज असं आहे :

- ओळखीच्या माणसाकडून व्याजाने घेतलेले 40,000, दरमहा शेकडा 5
- क्रेडिट कार्डाचे 60,000, दरमहा साडेतीन टक्के
- मोटरसायकलचे 70,000, वर्षाला 12 टक्के
- बचत गटाचे 30,000, दरमहा 1 टक्का

एकूण 2 लाख. आता व्याज मांडू. पहिल्याचं महिन्याला 2,000, कार्डाचं 2,100, गाडीचं 700, गटाचं 300. म्हणजे महिन्याला 5,100 रुपये नुसतं व्याज, वर्षाला 61,200. यातले 4,100 रुपये पहिल्या दोन कर्जांचे आहेत. रक्कम निम्मी, पण व्याजातला वाटा रुपयात 80 पैसे!

बहुतेक घरांत उलटं चालतं. गाडी ओढून नेतील म्हणून गाडीचा हप्ता आधी. गटातल्या बायकांसमोर मान खाली जाईल म्हणून गटाचा हप्ता आधी. कार्डाचं फक्त किमान देय भरायचं आणि ओळखीच्या माणसाला "या महिन्याला व्याजच घ्या" म्हणायचं. हप्ते चुकवू नका, ते ठरल्या दिवशी भराच. पण हाताशी येणारा प्रत्येक जादा रुपया सर्वांत महागड्या कर्जाच्या मुदलात गेला पाहिजे.

दुसरं काम : महिन्याला 5,000 कुठून आणायचे?

काटकसर म्हटली की सगळे चहावर येतात. चहा राहू द्या. एकदाच ठरवलं की दर महिन्याला आपोआप पैसे वाचतील, असे खर्च आधी शोधा. रोज मन मारावं लागेल अशी काटकसर महिनाभरही टिकत नाही.

या घरात बसून पाहिलं तर साधारण असं निघतं.

कामावर जाणं-येणं : मोटरसायकलने रोज तीसेक किलोमीटर, म्हणजे महिन्याला 1,800 च्या आसपास पेट्रोल. शिफ्ट जुळत असेल तर लोकलचा पास किंवा कंपनीची बस. पुढचं शेअर रिक्षाचं भाडं धरूनही 1,300 वाचतात. दुपारी लोकल फारशा नसतात, म्हणून सगळ्यांना हे जमणार नाही, हे आम्हाला माहीत आहे. त्यांनी निदान दोघांत एक गाडी करावी.

मोबाइल आणि टीव्ही : 28 दिवसांचं रिचार्ज वर्षात 12 वेळा नाही, 13 वेळा करावं लागतं. तीन फोन असतील तर तीन रिचार्ज जादा. घरातले दोन फोन स्वस्त पॅकवर आणा, न पाहिले जाणारे चॅनेल बंद करा. 500 वाचले.

किराणा : वहीवर माल घेतला की भाव विचारायची सोय राहत नाही आणि मुलगा बिस्किटाचा पुडा आणतो तोही वहीवर जातो. पगाराच्या आठवड्यात यादी करून रोखीने माल भरा. घरचा इंद्रायणी असेल तर वर्षाचा तांदूळ कोठीत ठेवून उरलेलाच विका. दिवाळीत विकून श्रावणात विकत घेणं महागात पडतं. इथे 900.

बाहेरचं खाणं, पार्सल, टपरी : पूर्ण बंद करायचं नाही. महिन्यातून एकदा सगळ्यांनी मिळून. 1,100.

कार्यं आणि आहेर : वाढदिवसाचे फ्लेक्स, साखरपुडे, बारशी, जत्रेचे पाहुणे. जत्रा करायची, पण वर्षाची रक्कम चैत्राच्या आधी ठरवायची आणि तिचे 12 भाग करून दर महिन्याला डब्यात टाकायचे. 1,200.

बेरीज 5,000 होते. तुमच्या घराचे आकडे वेगळे निघतील. एक महिना प्रत्येक खर्च लिहिल्याशिवाय ते कळणार नाहीत, म्हणून आज वही घेऊन जा.

आता हिशेब जुळवू

पहिल्या दोन महिन्यांचे 10,000 आजारपणासाठी बाजूला ठेवा. नाहीतर एक ताप आला की पुन्हा त्याच माणसाच्या दारात उभं राहावं लागतं.

मग त्या शेकडा 5 वाल्याला व्याजाचे 2,000 आणि वाचलेले 5,000 असे 7,000 द्यायला लागा. 7 महिन्यांत 40,000 फिटतात. तोवर कार्डाचे दरमहा 3,000 भरत राहायचं आणि कार्डाने एकही खरेदी करायची नाही. कार्ड 53,000 वर येतं. आता 7,000 मोकळे झाले, ते त्या 3,000 मध्ये मिळवा. 10,000 प्रमाणे कार्ड 6 महिन्यांत संपतं. एवढ्या काळात गाडी आणि गट नेहमीच्या हप्त्यांनी, म्हणजे 4,200 आणि 1,500 नी, मिळून 35,000 च्या आसपास उतरलेले असतात. ते पुढच्या 3 महिन्यांत. कार्डाच्या व्याजावरच्या करामुळे एखादा महिना पुढे-मागे होईल. गाडीचं कर्ज मुदतीआधी फेडण्यावर शुल्क आहे का, ते आधी विचारा.

एकूण दीड वर्ष. 2 लाख फिटले, एक इंचही जमीन विकली नाही आणि घराला कमी खर्चात राहायची सवय लागली. गुंठा विकून ही सवय लागत नाही.

काय कापायचं नाही

हे नीट ऐका, विशेषतः पुरुष मंडळींनी. काटकसर ठरली की घरातली बाई पहिली कात्री स्वतःच्या ताटाला लावते. दूध मुलांना, अंडं नवऱ्याला आणि आपण भात-आमटी. नंतर अशक्तपणा, दवाखाना, आणि वाचवलेलं सगळं तिथे जातं. म्हणून डाळ, दूध, अंडी, औषधं, मुलांची शाळा आणि गटातली बचत यांना हात लावायचा नाही. कपातीची यादी सगळ्यांनी एकत्र बसून करायची आणि प्रत्येकाच्या नावावर निदान एक कपात असली पाहिजे. मुलांनाही सांगा. कर्ज लपवलेल्या घरात खर्च आवरत नाही, कारण बाकीच्यांना आवरायचं कशासाठी हेच कळत नाही.

पावसाळ्याच्या पैशावर हप्ता बांधू नका

लोणावळ्यात ज्यांचं पोट पर्यटकांवर आहे, कणसं-भजीची गाडी, टॅक्सी, खोल्या, त्यांचा पैसा पावसाळ्याच्या तीन-चार महिन्यांत येतो. हप्ता मात्र बाराही महिने येतो. जुलैतला गल्ला बघून ऑगस्टमध्ये नवी गाडी काढली की मार्चमध्ये ओढाताण सुरू होते. हंगामही दर वर्षी हमखास नसतो. 2020 च्या पावसाळ्यात करोनामुळे पर्यटन बंद होतं. 2024 मध्ये भुशी धरणाजवळच्या दुर्घटनेनंतर मनाई आदेश लागले आणि ऐन हंगामात अनेकांचा धंदा बसला. हंगामात आलेले पैसे 12 ने भागा. जो आकडा येतो तेवढाच आपला महिन्याचा पगार समजा.

जे फार अडकलेत त्यांच्यासाठी

सगळं कापूनही हप्ते भागत नसतील, तर आधी सावकाराकडे परवाना आहे का ते पाहा. महाराष्ट्रात 2014 च्या सावकारी नियमन कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय सावकारी करणं गुन्हा आहे. तक्रार तालुक्याच्या सहाय्यक निबंधक, सहकारी संस्था, यांच्याकडे करता येते. बेकायदा सावकारीतून जमीन बळकावली असेल तर जिल्हा निबंधक चौकशी करून ती परत करण्याचा आदेश देऊ शकतात. बँक किंवा फायनान्स कंपनीच्या वसुलीवाल्यांनी सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर फोन करायचा नाही, धमकवायचं नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. आणि हप्ता चुकण्याआधी स्वतः शाखेत जाऊन मुदत वाढवून मागा. चुकल्यानंतर बोलणं अवघड होतं.

महागडं कर्ज फेडायला पतसंस्थेतून स्वस्त कर्ज घ्यायला हरकत नाही. अट एकच, त्याच दिवशी कार्ड बंद झालं पाहिजे. नाहीतर दोन्ही कर्जं डोक्यावर बसतात.

शेवटी, आपल्याच तळेगावची आठवण

अंताजी दामोदर काळे यांनी लोकांकडून एकेक पैसा गोळा करायची कल्पना काढली. लोकमान्य टिळकांनी तिला पाठिंबा दिला. तेव्हा रुपयाचे 64 पैसे होत. त्या पैसा फंडातून 1908 मध्ये तळेगावला काचेचा कारखाना उभा राहिला. एका पैशाने काय होतं, असं तेव्हाही पुष्कळजण म्हणाले असतील. तो पैसा मागायला माणसं नेमाने फिरत राहिली आणि जमलेला पैसा ठरलेल्या कामालाच लागला, म्हणून कारखाना झाला.

तुमच्या वहीतले 500 आणि 900 रुपये तसेच आहेत. ते महागड्या कर्जाकडे नेमाने गेले पाहिजेत, वाटेत दुसरीकडे वळता कामा नयेत. आज रात्री जेवणं झाली की टीव्ही बंद करा, सगळ्यांना बसवा आणि कर्जांची यादी काढा. पहिल्या दिवशी कदाचित भांडण होईल. होऊ द्या. जमीन विकल्यानंतर होणाऱ्या भांडणापेक्षा ते बरं.

आता प्रश्न विचारा.