पत्र्याचा बॉक्स बनवून घेताना : गैरसमज आणि वस्तुस्थिती

घरी जुळवलेला ॲम्प्लिफायर, पॉवर सप्लाय किंवा पाण्याच्या टाकीचा कंट्रोलर टेबलावर चालू झाला तरी काम अर्धेच झालेले असते. सर्किट उघडे राहिले, तर धूळ, दमट हवा किंवा घरातल्या लहान मुलाचा हात कधीतरी त्याच्यापर्यंत पोहोचतोच. त्यासाठी हव्या त्या मापाचा धातूचा बॉक्स लागतो. मुंबईच्या उपनगरांत तो बनवून घेणे अवघड नाही. अनेकांचे अडते ते पुढील समजुतींमुळे.

गैरसमज : बॉक्स हवा तर लॅमिंग्टन रोडलाच जावे लागते.

वस्तुस्थिती : ग्रँट रोडजवळचा लॅमिंग्टन रोड, म्हणजेच डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, हा सुट्या भागांचा बाजार. तिथे ठरावीक मापांचे तयार बॉक्स मिळतात आणि सर्किट त्यात बसत असेल तर तेच सर्वांत स्वस्त पडतात. मात्र आपल्या मापाचा बॉक्स घडतो तो पत्रा कापण्या-वाकवण्याचे काम जिथे चालते तिथे, आणि ते उपनगरांत चालते. अंधेरी पूर्वेची मरोळ एमआयडीसी आणि साकीनाका, घाटकोपर ते मुलुंडचा लालबहादूर शास्त्री (एलबीएस) मार्ग, कांदिवलीचे चारकोप, बोरिवली-दहिसरच्या इंडस्ट्रियल इस्टेट आणि मुलुंड चेकनाक्यापलीकडे ठाण्याची वागळे इस्टेट, ही त्याची ठिकाणे. एलबीएस मार्गावरच्या कित्येक मोठ्या कारखान्यांच्या जागी टॉवर आणि मॉल उभे राहिले, पण छोटे गाळे टिकून आहेत. लेझर कटिंग एका गाळ्यात, बेंडिंग दुसऱ्यात आणि पावडर कोटिंग तिसऱ्यात, अशी कामाची वाटणी बरेचदा असते. म्हणून पूर्ण बॉक्सची जबाबदारी कोण घेणार, हे आधी विचारावे.

गैरसमज : एका नगाचे काम कोणी घेत नाही आणि घेतलेच तर पत्र्याच्या वजनावर पैसे होतात.

वस्तुस्थिती : छोटे फॅब्रिकेटर एक नगही करून देतात. वजनाचा हिशेब मात्र इथे लागू पडत नाही. २०० × १५० × ६० मिमीच्या बॉक्सला १.२ मिमी जाडीचा पोलादी पत्रा जेमतेम एक किलो लागतो, तर १.५ मिमी ॲल्युमिनियमचे वजन अर्ध्या किलोच्याही आत राहते. आठ बाय चार फुटांच्या अख्ख्या पत्र्यातून उरलेल्या तुकड्यातही तो निघू शकतो. पैसे लागतात ते ड्रॉइंग मशीनवर चढवणे, बेंडिंगचे सेटिंग, वेल्डिंग, घासकाम आणि कोटिंग यांचे. सेटिंगला एका नगासाठी जेवढा वेळ जातो, जवळपास तेवढाच दहा नगांसाठी जातो. त्यामुळे दोन-तीन मित्रांनी एकाच मापाचे बॉक्स एकत्र करवून घेतले, तर प्रत्येकाचा खर्च बराच खाली येतो.

गैरसमज : ‘अठरा गेज’ सांगितले की जाडी ठरली.

वस्तुस्थिती : गेजच्या पद्धती एकाहून अधिक आहेत. ब्रिटिश स्टँडर्ड वायर गेजमध्ये १८ गेज म्हणजे सुमारे १.२२ मिमी, ॲल्युमिनियमसाठी वापरल्या जाणाऱ्या अमेरिकन गेजमध्ये तोच आकडा सुमारे १.०२ मिमी जाडी दाखवतो. म्हणून जाडी नेहमी मिलिमीटरमध्ये द्यावी. हातात मावेल अशा बॉक्सला १ ते १.२ मिमी सीआरसीए (कोल्ड-रोल्ड पोलादी पत्रा) किंवा १.५ मिमी ॲल्युमिनियम पुरते. आत जड ट्रान्सफॉर्मर असेल, तर तळाचा पत्रा जाड घ्यावा.

गैरसमज : लांबी, रुंदी, उंची दिली की बॉक्स बसणारच.

वस्तुस्थिती : माप आतले की बाहेरचे, हे लिहिले नाही तर सगळे फसते. बाहेरून २०० मिमी असलेल्या बॉक्समध्ये, पत्रा १.२ मिमीचा असेल तर, आत १९७.६ मिमी जागा उरते. २०० मिमीचे पीसीबी त्यात जाणार नाही. दुसरी बाब बेंडची. बाहेरून ५० मिमीच्या दोन बाजूंचा काटकोन करायचा असेल, तर पट्टी १०० मिमी कापत नाहीत. बेंडच्या ठिकाणी पत्रा थोडा ताणला जातो, म्हणून १.२ मिमी पत्र्यासाठी ती ९८ मिमीच्या आसपास कापावी लागते. नेमकी वजावट त्या गाळ्यातल्या डायवर आणि बेंडच्या गोलाईवर अवलंबून असते. ग्राहकाने बॉक्सची तयार मापे द्यावीत आणि सपाट पत्र्याचे माप काढणे कारागिरावर सोडावे, हेच योग्य. लेझरसाठी एकास-एक प्रमाणातली डीएक्सएफ फाइल लागते. हाताने काढलेले स्वच्छ ड्रॉइंग दिले, तर काही ठिकाणी फाइल बनवून मिळते.

गैरसमज : भोके नंतर ड्रिलने पाडता येतात आणि स्क्रूचे आटे पत्र्यातच बसतात.

वस्तुस्थिती : गोल भोक नंतर पडेलही, पण मेन्स सॉकेटची चौकोनी खाच किंवा डिस्प्लेची खिडकी बेंडनंतर हाताने नीट कापणे फार कठीण. कोटिंगनंतर ड्रिल लावले, तर कडेचा रंगही उडतो. सगळी कापाकापी सपाट पत्र्यावरच व्हावी. भोक बेंडला फार चिकटून असेल तर वाकवताना लांबट होते, म्हणून पत्र्याच्या जाडीच्या निदान तिप्पट अंतर सोडावे. कोटिंगचा थर साधारण ६० ते ८० मायक्रॉनचा असल्याने भोकाचा व्यास सुमारे ०.१५ मिमीने घटतो, तेवढी सूट ड्रॉइंगमध्येच धरावी. आट्यांचे गणित तर सरळ आहे. एम३ स्क्रूच्या आट्यांतले अंतर ०.५ मिमी, म्हणजे १ मिमी पत्र्यात दोनच आटे बसतात आणि झाकण चार वेळा उघडले की ते झिजतात. तिथे रिव्हेट नट किंवा वेल्ड नट बसवून घ्यावा.

गैरसमज : धातूचा बॉक्स मुळातच सुरक्षित असतो.

वस्तुस्थिती : या यादीतला सर्वांत घातक समज हाच. बॉक्सला अर्थिंग नसेल आणि २३० व्होल्टची फेज वायर सुटून पत्र्याला टेकली, तर सगळा बॉक्सच जिवंत होतो. अर्थिंग असेल तर दोषाचा मोठा प्रवाह त्या वाटेने जातो आणि फ्यूज किंवा एमसीबी पुरवठा तोडतो. पावडर कोटिंग आणि ॲनोडायझिंग हे दोन्ही थर विजेला अडवतात. रंगावर घट्ट बसवलेला स्क्रू म्हणजे अर्थिंग नव्हे. मेन्स सॉकेटजवळ अर्थसाठी वेगळा स्टड घ्यावा, त्याभोवतीचा भाग कोटिंगआधी मास्क करायला सांगावा आणि दातेरी वॉशर टाकून वायरचा लग आवळावा. सुटे निघणारे झाकण वेगळ्या वायरने जोडावे. शेवटी प्लगच्या अर्थ पिनपासून झाकणापर्यंत मल्टीमीटरने तपासावे. रीडिंग जवळपास शून्य ओहम यायला हवे.

गैरसमज : धातूमुळे बाहेरचा सगळा त्रास थांबतो आणि वाय-फाय मात्र चालू राहतो.

वस्तुस्थिती : दोन्ही बाजू उलट आहेत. बंद धातूच्या बॉक्समध्ये ईएसपी३२ सारख्या वाय-फाय मॉड्यूलचा २.४ गिगाहर्ट्झचा सिग्नल अडतो. त्यासाठी अँटेना बाहेर काढावी किंवा एका बाजूला ॲक्रिलिकची खिडकी ठेवावी. याउलट ट्रान्सफॉर्मरच्या ५० हर्ट्झ चुंबकीय क्षेत्राला पातळ ॲल्युमिनियम जवळपास अडवतच नाही, कारण त्या वारंवारितेला ॲल्युमिनियममधली भेदन-खोली (क्षेत्र क्षीण व्हायला लागणारी जाडी) सुमारे १२ मिमी असते. पोलादी पत्रा काही प्रमाणात मदत करतो. ॲम्प्लिफायरची घूं घूं कमी करायची तर टोरॉइड ट्रान्सफॉर्मर घ्यावा आणि तो इनपुटच्या वायरींपासून दूर बसवावा.

गैरसमज : ॲल्युमिनियम आणि स्टेनलेस स्टीलला मुंबईच्या हवेत काही होत नाही.

वस्तुस्थिती : खाऱ्या, दमट हवेत ॲल्युमिनियमवर पांढरट डाग पडतात आणि साध्या पोलादी स्क्रूभोवती ते लवकर झिजते. स्टेनलेसमध्ये २०२ हा प्रकार ३०४ पेक्षा स्वस्त आणि गंजाला कमी टिकाऊ. दोन्ही बहुधा लोहचुंबकाला चिकटत नाहीत, त्यामुळे चुंबक लावून फरक कळत नाही. बिलावर ग्रेड लिहून घ्यावा. गॅल्व्हनाइज्ड पत्र्याच्या कापलेल्या कडांवर जस्त उरत नाही, म्हणून कोटिंग कापणीनंतरच करावे. गच्चीवरच्या बॉक्समध्ये पावसाचे पाणी शिरू नये म्हणून वायर खालच्या बाजूने ग्लँडमधून घ्यावी.

पत्रा एकदा कापला की चूक दुरुस्त करणे नव्या बॉक्सइतकेच महाग पडते. म्हणून धातू आणि ग्रेड, मिलिमीटरमधली जाडी, मापे आतली की बाहेरची, प्रत्येक भोकाचा व्यास, नटांच्या जागा, मास्क करायचा भाग आणि रंग हे सगळे एका कागदावर लिहून, शक्यतो पुठ्ठ्याचा नमुना जोडून, कारागिराशी समोरासमोर बोलावे आणि मगच ऑर्डर द्यावी.