गांवच्या शाळेचा जमाखर्च

घरचा जमाखर्च कसा चालतो, हें घरांतील शाळकरी मुलासहि थोडेंबहुत ठाऊक असतें. कापसाला भाव आला तर दिवाळीस नवे कपडे होतात, पाऊस रुसला तर जुन्यावर भागवावें लागतें, हें खानदेशांत कोणास शिकवावें लागत नाहीं. परंतु ज्या शाळेंत मुलें रोज जाऊन बसतात, तिचा पैसा येतो कोठून, तो कोण खर्च करितो, आणि कमी पडला म्हणजे कात्री कोठें लागते, हें पुष्कळ पालकांसहि माहीत नसतें. आमच्या हायस्कुलांत येणारे बरेच विद्यार्थी आपापल्या गांवच्या जिल्हा परिषदेच्या शाळेंत पहिले धडे गिरवून आलेले असतात, व त्यांचीं धाकटीं भावंडें अजून तेथेंच शिकत असतात. म्हणून त्या शाळांचा संसार तुटपुंज्या पैशांत कसा चालतो, हें ह्या लेखांत थोडक्यांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

उदाहरणादाखल जळगांवलगतचें असोदा हें गांव डोळ्यांपुढें ठेवूं. कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचें हें माहेर. १९०६ सालीं खानदेशचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे झाले, तेव्हां हें गांव पूर्व खानदेशांत आलें. तोच आजचा जळगांव जिल्हा होय. अशा खेड्यांतील सार्वजनिक शाळांचा भार प्रथम कोणीं सोसला, असें विचाराल तर उत्तर असें कीं, शेतकऱ्यानें. मुंबई इलाख्यांत १८६३ च्या सुमारास शेतसाऱ्याच्या दर रुपयामागें एक आणा ‘लोकल फंड’ म्हणून घेण्यास आरंभ झाला, व १८६९ च्या कायद्यानें त्यास पक्केपणा आला. ह्या फंडाचे दोन हिस्से रस्ते वगैरे कामांकडे व एक हिस्सा शाळांकडे जाई. विद्यार्थ्यांनीं हें गणित करून पाहावें. ज्या गांवचा सारा १०० रुपये, त्याचा फंड १०० आणे, म्हणजे ६ रुपये ४ आणे. त्याचा तिसरा हिस्सा २ रुपये १ आणा ४ पै. ह्या हिशेबानें १,००० रुपये सारा भरणाऱ्या गांवाकडून शाळांसाठीं वर्षाकांठीं पुरते २१ रुपयेहि जमत नसत.

१८८२ सालीं हंटर कमिशनपुढें निवेदन करितांना महात्मा जोतीराव फुले यांनीं ह्याच दुखण्यावर बोट ठेविलें. पैसा कष्टकरी रयतेचा, आणि तो खर्ची पडतो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणाकडे, अशी त्यांची तक्रार होती. निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचें करावें, अशी त्यांची मागणी होती. पुढें १९११ सालीं नामदार गोखले यांनीं वरिष्ठ कायदेमंडळांत जें बिल आणिलें, त्यांत सक्तीच्या शिक्षणाच्या खर्चाचा एक हिस्सा स्थानिक संस्थेनें व दोन हिस्से सरकारनें सोसावे, अशी वांटणी सुचविली होती. १९१२ सालीं बाजूनें १३ व विरुद्ध ३८ मतें पडून तें नामंजूर झालें. ह्याच्या उलट दाखलेहि घरचेच आहेत. बडोद्यास सयाजीराव महाराजांनीं १८९३ मध्यें अमरेली भागांत व १९०६ मध्यें सर्व संस्थानांत, आणि कोल्हापुरास शाहू महाराजांनीं १९१७ मध्यें, प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचें केलें. संस्थानांचें उत्पन्न कांहीं अमर्याद नव्हतें. परंतु कोणता खर्च आधीं व कोणता मागून, हें तेथें ठरलेलें होतें.

१९२३ च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्यानें शाळांचा कारभार लोकल बोर्डांच्या हातीं गेला, १९४७ च्या कायद्यानें सरकारचा हात त्यांत पुन्हा वाढला, आणि १ मे १९६२ पासून महाराष्ट्रांत जिल्हा परिषदांचा कारभार सुरू झाला. आजची व्यवस्था अशी आहे : जिल्ह्यास जिल्हा परिषद, तिची शिक्षण समिति व शिक्षणाधिकारी, तालुक्यास पंचायत समिति व गटशिक्षणाधिकारी, जवळपासच्या कांहीं शाळांचें मिळून एक केंद्र व त्यावर केंद्रप्रमुख, आणि प्रत्येक शाळेस मुख्याध्यापक व शाळा व्यवस्थापन समिति. शिक्षकांचा पगार मुख्यत्वें राज्याच्या तिजोरींतून येतो. गणवेश, शाळेचें अनुदान वगैरे बाबी २०१८ पासून ‘समग्र शिक्षा’ योजनेंत मोडतात. तिचा खर्च महाराष्ट्रांत केंद्रानें शेंकडा ६० व राज्यानें शेंकडा ४० असा वांटून घ्यावयाचा असतो.

सर्व खर्चांत पगाराची बाब सर्वांत मोठी, आणि तींत काटछाट करणें सोपें नसतें. त्यामुळें तंगीच्या वर्षीं कात्री लागते ती लहानसहान बाबींस : फुटलेलें कौल, वर्गांतील दिवा, नळाची तोटी, मुलींच्या स्वच्छतागृहाचें दार, वाचनाचीं पुस्तकें. ‘समग्र शिक्षे’च्या २०२१ नंतरच्या आंखणीप्रमाणें ३० पर्यंत मुलें असलेल्या शाळेस वर्षाचें अनुदान १०,००० रुपये, ३१ ते १०० मुलांच्या शाळेस २५,००० रुपये व १०१ ते २५० मुलांच्या शाळेस ५०,००० रुपये ठरविलें आहे, आणि त्यांतील निदान दहावा हिस्सा स्वच्छतेवर खर्चावा असा नियम आहे. लहान शाळेचा हिशेब मांडून पाहा. १०,००० तून १,००० स्वच्छतेस गेले, राहिले ९,०००. म्हणजे महिन्यास ७५० रुपये. विजेचें बिल, खडू, हजेरीच्या वह्या व किरकोळ दुरुस्ती, हें सारें त्यांतच बसवावयाचें. त्यांतहि पैसे वर्षारंभीं न येतां उशिरां आले, तर मुख्याध्यापकास कांहीं महिने उधारीवर काढावे लागतात.

दुपारच्या भोजनाचा हिशेबहि असाच बारीक आहे. पहिली ते पांचवीच्या मुलास रोज १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी व ५ ग्रॅम तेल, असें प्रमाण आहे. धान्य सरकार वेगळें पुरवितें. डाळ, भाजी, तेल, मीठ-मसाला व जळण यांसाठीं १ मे २०२५ पासून दर मुलामागें रोजचे ६ रुपये ७८ पैसे धरण्यांत आले. पन्नास मुलांची पंगत बसली तर एक किलो डाळ, अडीच किलो भाजी, पाव किलो तेल व जळण हें सर्व ३३९ रुपयांत व्हावयास पाहिजे. बाजारांत डाळीचा किंवा भाजीचा भाव चढला तरी हा आंकडा त्या दिवशीं वाढत नाहीं. हिशेब जुळविणाऱ्या शिक्षकाचें व स्वयंपाक करणाऱ्या बाईंचें कसब किती, हें आमच्या वाचक भगिनींस सांगावयास नकोच.

आतां मुख्य मुद्द्याकडे वळूं. शाळेस किती पैसा व किती शिक्षक मिळावे, हें बहुतांशीं तिच्या पटावर ठरतें. २००९ चा बालकांच्या शिक्षणहक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलांत आला. त्याच्या परिशिष्टाप्रमाणें पहिली ते पांचवीच्या शाळेंत ६० पर्यंत मुलें असल्यास दोन शिक्षक, ६१ ते ९० असल्यास तीन व ९१ ते १२० असल्यास चार, असें मान आहे. म्हणजे साठ मुलें असतां दोन शिक्षकांनीं पांच इयत्ता सांभाळावयाच्या, आणि एकसष्टावें मूल आलें कीं तिसऱ्या शिक्षकाचा हक्क उत्पन्न व्हावयाचा. दरवर्षीं पटावरून शिक्षकांचीं पदें ठरविण्याच्या ह्या क्रियेस ‘संचमान्यता’ म्हणतात. आपलें एक मूल शाळेंतून काढलें तर शाळेचें काय अडणार आहे, असें पालकांस वाटतें. पण एकसष्टांतून तें एक वजा झालें तर उरलेल्या साठांचा एक शिक्षक जातो. ह्याच कारणानें खोटा पट दाखविण्याचा मोहहि कोठें कोठें झाला, व ऑक्टोबर २०११ मध्यें राज्यभर एकाच वेळीं पटपडताळणी करावी लागली. कागदावरच्या मुलापायीं खऱ्या मुलाच्या वांट्याचा पैसा भलतीकडे जातो, हें त्यांतील पाप होय.

परंतु पट खरा असला तरी तेवढ्यानें भागत नाहीं. आमच्या मतें शाळेंतील सर्वांत मोठी उधळपट्टी म्हणजे रिकामी जागा. समजा, एका शाळेंत ४० मुलें व दोन शिक्षक आहेत. चाळीस हजर असोत कीं वीस, पगार तोच, खोली तीच. वीसच आलीं तर दर हजर मुलामागें पडणारा तो खर्च दुप्पट होतो, आणि गैरहजर विसांस त्याचें कांहींच फळ मिळत नाहीं. शिवाय तीं परत आलीं म्हणजे मागचा धडा पुन्हा घ्यावा लागतो, तो वेळ वेगळाच. १९२९ सालीं हार्टोग समितीनें हिंदुस्थानांतील प्राथमिक शिक्षणाची पाहणी केली, तेव्हां १९२२-२३ सालीं पहिलींत असलेल्या शंभर मुलग्यांपैकीं तीन वर्षांनीं चौथींत वीसहि पोहोंचलेले आढळले नाहींत. बाकीच्यांवर झालेला खर्च बहुतेक वायां गेला. त्या मानानें आज परिस्थिति पुष्कळ सुधारली आहे. परंतु नांव पटावर आणि मूल शेतांत, हा प्रकार अगदींच नाहींसा झालेला नाहीं.

खानदेशांत ह्याचीं कारणें ऋतूंबरोबर येतात. दिवाळीच्या सुमारास कापसाची वेचणी लागते, आणि मोठीं माणसें रानांत गेलीं म्हणजे धाकट्या भावंडास सांभाळण्यासाठीं बहिणीची शाळा बुडते. कित्येक कुटुंबें ऊसतोडीसाठीं परजिल्ह्यांत जातात तीं उन्हाळ्याच्या तोंडीं परततात. अशा मुलांस मागें गांवींच ठेवतां यावें म्हणून हंगामी वसतिगृहांची, व बाहेर गेलेल्या मुलास तेथील शाळेंत बसतां यावें म्हणून ‘शिक्षण हमी पत्रका’ची योजना राज्यांत आहे. ज्या पालकांस ही सोय ठाऊक नसते, त्यांच्या मुलाचें वर्ष पैशाअभावीं नव्हे, माहितीअभावीं बुडतें.

पट घसरला म्हणजे शाळा मिटविण्याचा प्रश्न उभा राहतो. २०१७ च्या अखेरीस दहांहून कमी मुलांच्या तेराशेंहून अधिक शाळा बंद करून मुलांस जवळच्या शाळांत बसविण्याचें राज्यानें ठरविलें. आणि २०२३ मध्यें वीस पर्यंत पटाच्या शाळांच्या ‘समूह शाळा’ करण्याचा विचार पुढें आला, त्या वेळीं आमच्या खानदेशांतील तोरणमाळचा व पुणें जिल्ह्यांतील पानशेतचा दाखला देण्यांत आला. दोन्ही बाजू समजून घेणें न्यायाचें होईल. मोठ्या शाळेंत प्रत्येक इयत्तेस शिक्षक, खेळाचें मैदान व सोबतीस पुरेशीं मुलें मिळतात. पांच-सात मुलांच्या खोलींत एकट्या शिक्षकास तें साधत नाहीं. उलट पक्षीं, राज्यांतील नियमाप्रमाणें पांचवीपर्यंतची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आंत असावी, ती लांब गेली तर आधीं घरीं बसते ती मुलगी. पुस्तकीं हिशेबांत जी बचत दिसते ती त्या मुलीच्या शिक्षणांतून कापलेली असते. म्हणून शाळा एकत्र करणें भागच पडलें, तर मुलांस नेण्या-आणण्याचें वाहन आधीं उभें राहावें व जुनें दार मागून लागावें, असें आम्हांस वाटतें.

पालकांच्या हातीं काय आहे? पुष्कळ आहे. कायद्यानें शाळा व्यवस्थापन समितींत तीन-चतुर्थांश सभासद पालक असले पाहिजेत, व एकंदर सभासदांत निम्म्या स्त्रिया असल्या पाहिजेत. शाळेचा विकास आराखडा करणें व मिळालेल्या अनुदानाच्या खर्चावर लक्ष ठेवणें हें ह्या समितीचें काम आहे. सही करून घरीं जाण्यापुरती सभा असूं नये. अनुदान किती आलें, केव्हां आलें, कशावर गेलें. आज हजर किती, गैरहजर किती, आणि कां, इतके प्रश्न प्रत्येक सभेंत विचारले गेले तरी पुष्कळ कार्य होईल. ह्यास पैसा लागत नाहीं. गळकें छप्पर दुरुस्त करण्यास गांवानें हात लावणें हें स्तुत्यच. परंतु गांव देतो म्हणून सरकारनें आपला हात आंखडावा, असें मात्र होऊं देऊं नये. शिक्षण हा मुलाचा हक्क आहे. तो वर्गणीवर सोंपवितां येत नाहीं.

शेवटीं असोद्याविषयीं एक गोष्ट सांगितली पाहिजे. बहिणाबाईंचा जन्म तेथें १८८० सालीं झाला. त्या वेळीं शेतकऱ्याच्या साऱ्यावर शाळेचा फंड बसून सतरा वर्षें लोटलीं होतीं. तरी शेतकऱ्याच्या घरच्या ह्या मुलीस अक्षरओळख झाली नाहीं. त्यांचीं गाणीं त्यांच्याच ओठीं राहिलीं असतीं. पण त्यांचे चिरंजीव सोपानदेव लिहिणारे होते, घरांत तीं उतरून घेतलीं गेलीं, आणि त्यांच्या निधनानंतर १९५२ सालीं त्यांचें पुस्तक झालें. २०१८ सालीं जळगांवच्या विद्यापीठास बहिणाबाईंचें नांव देण्यांत आलें. असें एक नांव आपणांस कळलें. त्याच काळांतील दुसऱ्या किती मुली शाळेबाहेर राहिल्या व त्यांच्याबरोबर काय गेलें, ह्याचा हिशेब कोणत्याहि वहींत नाहीं.

विद्यार्थिमित्रांनो, सुटींत गांवीं जाल तेव्हां आपल्या जुन्या शाळेंत एकदां डोकावून या. फळ्याच्या कोपऱ्यांत पट व हजेरी लिहिलेली असते. दोन आंकड्यांत अंतर दिसलें, तर तें मूल कोणाचें व कोठें आहे, हें गुरुजींस किंवा बाईंस विचारा. तें आपल्याच आळींतलें निघालें, तर दुसऱ्या दिवशीं शाळेच्या वेळीं त्यास हांक मारून बरोबर घेऊन जा.