तांब्याची वाट

जमिनीत तांबे असले म्हणून देश श्रीमंत होत नाही. ते बंदरापर्यंत पोहोचावे लागते, आणि पोहोचवणाऱ्या रुळांवर हुकूम कोणाचा यावर ती श्रीमंती कोणाच्या घरी जाणार हे ठरते. आफ्रिकेतल्या झांबियाने हा धडा फार महागात घेतला आहे.

झांबिया १९६४ साली स्वतंत्र झाला. देशाला समुद्र नाही. तांबे बाहेर जाई ते मुख्यतः दक्षिणेच्या ऱ्होडेशियातून. नोव्हेंबर १९६५ मध्ये तिथल्या गोऱ्यांच्या सरकारने एकतर्फी स्वातंत्र्य पुकारले आणि झांबियाची नाडी वैऱ्याच्या हाती गेली. पश्चिमेची वाट अंगोलातून लोबितो बंदराला जाई; पण तिथे अंमल पोर्तुगिजांचा.

अध्यक्ष केनेथ कौंडा आणि टांझानियाचे ज्युलियस न्येरेरे यांना म्हणून पूर्वेच्या दार-एस-सलाम बंदरापर्यंत रेल्वे हवी होती. हा मार्ग परवडणारा नाही, असा शेरा जागतिक बँकेने १९६४ मध्येच मारला होता. कर्जाचे प्रस्ताव तपासण्यात ज्याची उमर गेली, त्या माझ्यासारख्याला हा शेरा समजू शकतो. माल किती, भाडे किती, हप्ता कोठून येणार, हे मांडले की उत्तर तेच निघते. पण प्रस्तावाच्या छापील अर्जात स्वातंत्र्यासाठी रकाना नसतो.

अखेर चीनने बिनव्याजी कर्ज दिले. १९६७ मध्ये करार झाला, १९७० मध्ये काम सुरू झाले आणि १९७५ मध्ये कापिरी म्पोशीपर्यंतचे १,८६० किलोमीटर रूळ पुरे झाले. ही ‘ताझारा’ रेल्वे. चीन तेव्हा स्वतःच गरीब होता, हे विसरू नये.

पुढची कहाणी दुःखाची आहे. त्याच सुमारास तांब्याचे भाव कोसळले. इंजिने नादुरुस्त, बंदरात मालाची कोंडी. ऑक्टोबर १९७८ मध्ये शेतीसाठी खत आणायला कौंडांना ऱ्होडेशियाचीच वाट पुन्हा उघडावी लागली. वर्षाला २० लाख टनांसाठी बांधलेल्या या मार्गावरची वाहतूक २०१४-१५ मध्ये एक लाख टनांच्याही खाली आली. तांबे ट्रकवर चढले होते.

रूळ घालायला कर्ज मिळते, उद्घाटनाला पाहुणेही मिळतात. दरवर्षी खडी भरायला आणि इंजिनाचे सुटे भाग आणायला मात्र कोणी पुढे येत नाही. तो खर्च भाड्यातूनच निघायचा. आणि तांबे पडले की भाडेही पडते.

आज याच तांब्याला आणि शेजारच्या काँगोमधल्या कोबाल्टला विजेवरच्या मोटारींमुळे मोल आले आहे. १९७५ नंतरच्या यादवीत मोडलेला अंगोलाचा मार्ग चिनी कंपन्यांनी पुन्हा बांधला. आता तो ३० वर्षांसाठी खासगी कंपन्यांच्या गटाकडे आहे आणि पाठबळ अमेरिकेचे आहे. अध्यक्षपदी असताना जो बायडेन डिसेंबर २०२४ मध्ये मुद्दाम लोबितोला गेले. त्याआधी सप्टेंबरमध्ये ‘ताझारा’च्या पुनरुज्जीवनाचा सामंजस्य करार बीजिंगमध्ये झाला होता. एकाच मालाला दोन गिऱ्हाइके आली, की घासाघीस करायची वेळ विकणाऱ्याची असते.

नोव्हेंबर २०२० मध्ये परदेशी रोख्यांवरचे व्याज चुकवलेल्या झांबियाने ही वेळ दवडू नये. कर्ज कोण देतो एवढे पाहून भागणार नाही. तांबे पडल्यावर देखभाल कोणाच्या पैशाने होणार, भाडे कोण ठरवणार, हे कागदावर यायला हवे. आणि ‘ताझारा’च्या संथ पॅसेंजरचे काय? टांझानियातल्या किलोंबेरो खोऱ्यातले छोटे शेतकरी आणि व्यापारी वर्षानुवर्षे तिच्यातूनच तांदूळ, केळी बाजाराला नेत आले. खनिजाच्या मालगाड्यांना वाट देण्यासाठी ही गाडी बाजूला काढली, तर रेल्वे खाणीची होईल, देशाची राहणार नाही. केळीच्या घडासाठीही छापील अर्जात रकाना नसतो. तो हाताने आखून घ्यावा लागतो, आणि तोही सही करण्यापूर्वी.