शस्त्रक्रियेपूर्वीचे अनुमान

स्वादुपिंड हे जठरामागे, पाठीच्या कण्यासमोर आडवे पसरलेले इंद्रिय. तेथे उपजलेला कर्करोग बराच काळ चाहूल लागू देत नाही. गोव्याचे मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर १७ मार्च २०१९ रोजी याच रोगाने गेले, हे आपणांस आठवत असेल. पुष्कळदा काविळीने तो प्रकट होतो. पण तोवर शंभरांतील पंधरा-वीस रुग्णच शस्त्रक्रियेच्या आवाक्यात असतात. त्यांचे आप्त डॉक्टरांना विचारतात, "शस्त्रक्रिया केली तर गुण येईल ना?"

प्रश्न एक दिसला, तरी त्याच्या पोटात तीन आहेत. ते वेगळे केल्यावाचून उत्तर मिळत नाही, असे आम्हांस वाटते.

पहिला प्रश्न, गाठ समूळ काढता येईल काय? याचे उत्तर सीटी स्कॅन देतो. आतड्यांना रक्त पुरवणाऱ्या मोठ्या धमनीपासून गाठ मोकळी असेल, तर ती काढण्याजोगी. थोडी बिलगली असेल, तर बहुधा आधी औषधे देतात. यकृतात पसरली असेल, तर ती कापून लाभ होत नाही.

दुसरा प्रश्न, रुग्ण शस्त्रक्रिया सोसेल काय? येथे केवळ वय पाहून चालत नाही. तो हिंडता-फिरता आहे काय, वजन किती उतरले, रक्तातील अल्ब्युमिन किती, हृदय व फुप्फुसे कशी आहेत, हे पाहावे लागते. शस्त्रक्रिया कोठे होते, यालाही तितकेच महत्त्व आहे. अमेरिकेत २००२ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीत, ही शस्त्रक्रिया क्वचितच करणाऱ्या रुग्णालयांत शंभरांपैकी सुमारे सोळा रुग्ण दगावले. नेहमी करणाऱ्यांत सुमारे चारच. म्हणून नाशिकच्या रुग्णाने कसारा घाट उतरून परळचे टाटा मेमोरियल गाठावे की येथेच थांबावे, हे ठरवताना "वर्षाकाठी अशा किती शस्त्रक्रिया आपण करता?" असे विचारण्यात संकोच नसावा.

तिसरा प्रश्न, रोग उलटेल काय? रक्तातील 'सीए १९-९' हा पदार्थ फार वाढलेला असला, तर स्कॅनमध्ये न दिसणारा प्रसार झाला असल्याची शंका येते. परंतु काविळीनेही तो वाढतो, आणि काहींच्या शरीरात तो मुळी तयारच होत नाही. म्हणून कावीळ उतरल्यावर तो पुन्हा मोजणे इष्ट.

एवढे करूनही जे हाती येते ते अनुमान, कुंडली नव्हे. शंभर जणांत किती तगतील हे ते सांगते. आपला माणूस त्या शंभरांत कोठे बसेल, हे सांगत नाही. मग त्याचा उपयोग काय? आधी औषध द्यावे की आधी शस्त्र, रुग्णाला काही आठवडे अन्नाने सावरावे काय, की शस्त्राचा हट्ट सोडून वेदना शमवाव्यात व उरलेला काळ घरच्या माणसांत घालवू द्यावा, हे ठरवण्यास ते आधार देते. हा निर्णय शक्यतो रुग्णाला विचारून व्हावा. आप्त प्रेमापोटी त्याच्यापासून सत्य लपवतात. पण देह त्याचा आहे, आणि दिवसही त्याचेच.