मांडीचे हाड आणि त्याच्या मापाचा रॉड

कुऱ्हाडीला नवा दांडा बसवायचा झाला तर आपण काय करतो? चांगले, गाठ नसलेले लाकूड निवडतो, वाकसाने तासतो, नेढ्यात घालून पाहतो, पुन्हा काढतो, पुन्हा तासतो. दांडा बारीक झाला तर कुऱ्हाड डुगडुगते आणि पाचर मारावी लागते. जाड राहिला आणि तसाच ठोकला तर टोक चिरते. म्हणून दुसऱ्याच्या कुऱ्हाडीसाठी तासलेला दांडा आपल्या कुऱ्हाडीला क्वचितच बसतो.

मांडीचे हाड मोडल्यावर सर्जन त्यात रॉड घालतात तेव्हा हाच प्रश्न उभा राहतो, फक्त उलटा. येथे नेढे हाडाचे आणि दांडा धातूचा असतो. माप चुकले तर चिरते ते हाड.

आपल्या गावांतून असे रुग्ण काही कमी नाहीत. कोणी माडावरून पडतो, कोणाचा ट्रॅक्टर बांधावर उलटतो, कोणी मोटारसायकलवरून घसरतो आणि म्हातारी माणसे तर न्हाणीत पाय निसटूनच खुबा मोडून घेतात. घरच्यांचा प्रश्न ठरलेला असतो : "रॉड स्टीलचा की टिटॅनियमचा? महागातला बरा की स्वस्तातला?" प्रश्न रास्तच आहे, परंतु त्याच्या आधीचा एक प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. हा रॉड ह्या माणसाच्या हाडाच्या आकाराला बसतो का? त्या प्रश्नाचे महत्त्व समजून घेण्यासाठी हा लेख.

हाडाची घडण

मांडीचे हाड हे शरीरातील सर्वांत लांब आणि सर्वांत भक्कम हाड. त्याच्या वरच्या टोकाला एक गोळा असतो. तो कमरेच्या हाडातील वाटीत फिरतो. गोळ्याखाली मान आणि मानेखाली लांब दांडा. मान दांड्याला सरळ रेषेत जोडलेली नसते. मोठ्या माणसात ती साधारण १२५ ते १३० अंशांचा कोन करते आणि शिवाय १० ते १५ अंश पुढच्या बाजूला वळलेली असते.

दांडाही सरळ नाही. तो धनुष्यासारखा किंचित पुढे वाकलेला असतो. आतून तो पोकळ असतो आणि पोकळीत मगज असतो. ही पोकळी वर नरसाळ्यासारखी रुंद, मध्ये अरुंद आणि गुडघ्याकडे पुन्हा रुंद होत जाते. डमरू उभा धरला तर जसा दिसतो तशी.

मान अशी बाजूला का काढली असेल? तराजूची दांडी डोळ्यांपुढे आणा. चालताना आपण प्रत्येक पावलाला क्षणभर एकाच पायावर उभे असतो. त्या वेळी शरीराचे वजन खुब्याच्या आतल्या बाजूला लोंबते. ते तोलून धरण्यासाठी खुब्याच्या बाहेरील स्नायू दुसऱ्या बाजूने ओढतात. त्यांच्या बाजूची दांडी आखूड, म्हणून त्यांना वजनापेक्षा जास्त जोर लावावा लागतो. वजन आणि हा जोर मिळून गोळ्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीच ते तीनपट भार येतो. ६० किलोच्या माणसाच्या खुब्यावर साध्या चालण्यातही १५० ते १८० किलो भार पडतो. खांद्यावर पोते असले तर त्याहून अधिक.

यावरून एक गोष्ट ध्यानात येईल. खुब्याचा गोळा बदलताना मानेची लांबी किंवा तिचा कोन चुकला आणि ही आखूड दांडी आणखी आखूड झाली, तर स्नायूंना जास्त ओढावे लागते. मग माणूस लंगडतो, लवकर थकतो, आणि स्नायू सैल पडले तर गोळा वाटीतून निसटण्याचाही धोका असतो.

हाड आपला आकार राखते

१८६६ साली स्वित्झर्लंडमधील झुरिच येथे मायर नावाचे शरीररचनाशास्त्रज्ञ होते. त्यांनी मांडीच्या हाडाचे वरचे टोक उभे चिरून आतली जाळी दाखवली. कुलमान नावाच्या अभियंत्याने ती पाहिली आणि त्यांना नवल वाटले. ओझे उचलणाऱ्या वाकड्या यारीत ताण आणि दाब ज्या रेषांनी वाहतात, तशाच रेषांत हाडातील बारीक तंतू रचलेले होते. पुढे १८९२ साली जर्मनीतील सर्जन युलियस वोल्फ यांनी नियम मांडला की हाडावर जसा भार पडतो तशी त्याची रचना बदलत जाते. भार पडेल तेथे हाड जमते, भार नसेल तेथे झिजते. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची हाडे ठिसूळ होतात ती यामुळेच.

हा नियम धातू निवडताना उपयोगी पडतो. स्टील हे हाडाच्या कठीण भागापेक्षा सुमारे दहापट ताठ असते. टिटॅनियमची मिश्रधातू साधारण त्याच्या निम्मी ताठ. आत घातलेला दांडा फार ताठ आणि फार जाड असला तर सगळा भार तोच उचलतो आणि भोवतालचे हाड कामाविना पातळ होत जाते. घरातील एकानेच सर्व कामे केली तर बाकीच्यांच्या अंगचे बळ जाते, तसाच प्रकार. म्हणजे धातूची निवडही शेवटी हाडाशी जमवून घेण्याचाच भाग आहे. महाग म्हणून चांगले, असा सरळ हिशेब येथे चालत नाही.

सरळ रॉड, वाकडे हाड

पूर्वी मांडी मोडली की रुग्णाच्या पायाला वजन बांधून त्याला कित्येक आठवडे खाटेवर ठेवीत. १९३९ साली जर्मनीतील कील शहरात गेरहार्ड क्युन्चर या सर्जननी पोकळीतून पोलादी रॉड घालून मांडीचे हाड सांधले आणि १९४० साली ही पद्धत बर्लिनमध्ये सर्जनांच्या सभेपुढे मांडली. महायुद्धानंतर जर्मनीच्या कैदेतून सुटून आलेल्या सैनिकांच्या एक्स-रेमध्ये हे लांब रॉड दिसले तेव्हा दोस्त राष्ट्रांचे डॉक्टर चकित झाले.

क्युन्चर यांची युक्ती आकारात होती. त्यांचा पुढचा रॉड आडवा कापला तर तीन पानांच्या तिपतियासारखा दिसे आणि एका बाजूने उघडा असे. अरुंद पोकळीत ठोकताना तो थोडा दबे आणि आत गेल्यावर स्प्रिंगसारखा फुलून हाडाला आतून घट्ट धरी. त्याआधी १९२५ साली अमेरिकेत स्मिथ-पीटरसन यांनी खुब्याच्या मानेसाठी तीन पात्यांचा खिळा वापरला होता. गोल खिळ्यावर गोळा फिरला असता. पात्यांमुळे तो फिरेना. दोन्ही ठिकाणी धातू तोच, गुण आला तो आकारामुळे.

तरीही क्युन्चर यांचा रॉड सरळ होता आणि हाड वाकडे. हाडाचा मधला अरुंद भाग मोडला असेल तेथे तो चांगला पकड घेई. मोड वर किंवा खाली असेल, हाडाचे तुकडे झाले असतील, तर हाड रॉडभोवती फिरे किंवा आखूड होई. १९७०च्या दशकात जर्मनी आणि फ्रान्समधील सर्जननी रॉडला दोन्ही टोकांना भोके पाडून आडवे स्क्रू घालण्याची पद्धत रुळवली. आज बहुतेक रॉड ह्याच जातीचे आहेत आणि त्यांना पुढच्या बाजूने बाकही दिलेला असतो.

परंतु बाक किती द्यायचा? अमेरिकेतील संशोधकांनी नऊशेहून अधिक मांडीची हाडे मोजून २००४ साली उत्तर प्रसिद्ध केले. ते समजण्यासाठी खळ्यात एक खुंटी ठोका. तिला १२० सेंटिमीटरची दोरी बांधून वर्तुळ काढा. सरासरी मांडीच्या हाडाचा बाक हा अशा वर्तुळाचा एक तुकडा असतो. त्या वेळी मिळणाऱ्या रॉडचा बाक मात्र १८६ ते ३०० सेंटिमीटर दोरीच्या वर्तुळाचा होता. दोरी जितकी लांब, तितकी रेघ सरळ. ४० सेंटिमीटर लांबीत हाड मध्यभागी सुमारे १.७ सेंटिमीटर पुढे फुगते, तर ३०० सेंटिमीटरच्या वर्तुळाचा रॉड सुमारे ०.७ सेंटिमीटर. फरक एका सेंटिमीटरचा. ज्या पोकळीची सर्वांत अरुंद जागा करंगळीएवढी, तेथे हा फरक थोडा नव्हे.

अशा वेळी रॉडचे खालचे टोक गुडघ्याच्या वर हाडाच्या पुढच्या भिंतीला टेकते. तरुण माणसाची भिंत जाड असते, ती बहुधा सोसते. म्हाताऱ्या माणसात भिंत पातळ झालेली असते आणि हाडाचा बाकही पुष्कळदा वाढलेला असतो. तेथे टोक भिंतीला भोक पाडू शकते किंवा तेथेच नवा मोड होऊ शकतो. ह्या मोजण्यांनंतर अधिक बाकाचे रॉड बनू लागले.

आपल्या लोकांची हाडे

हे सर्व रॉड प्रथम युरोप-अमेरिकेतील लोकांच्या मापाने बनले. आपल्याकडील हाडे मोजली तेव्हा गोळा आणि मान सरासरीने लहान आढळली. १९९०च्या दशकात युरोपात खुब्याखालच्या मोडासाठी एक रॉड निघाला. त्यातून ११ मिलिमीटरचा एक आणि ६.५ मिलिमीटरचा दुसरा असे दोन स्क्रू मानेत घालायचे होते. अरुंद मान असलेल्या आपल्या म्हाताऱ्या बायकांच्या हाडात दोन्ही बसवणे सर्जनना अवघड जाई. म्हणून आपल्या देशात बारीक स्क्रूंचे नमुने तयार झाले. पुढे ह्याच घराण्यातील एका रॉडची आवृत्ती खास आशियाई हाडांसाठी काढली. त्यात वरच्या भागाचा कोन ६ अंशांवरून ५ अंशांवर आणला आणि बाहेरची बाजू चपटी केली. कारण मूळ रॉडची गोलाई आखूड हाडाच्या बाहेरील भिंतीवर आतून दाबत होती. एका अंशाचा फरक, पण दाब कमी झाला.

खुब्याचा गोळा बदलतानाही हेच. त्याची दांडी हाडाच्या पोकळीत बसते. काहींची पोकळी वर रुंद आणि खाली एकदम निमुळती असते, तेथे खडबडीत पृष्ठाची दांडी घट्ट ठोकतात आणि हाड हळूहळू त्या खडबडीत वाढून तिला धरते. वृद्धांत पोकळी पुष्कळदा सरळ नळीसारखी रुंद होते आणि ठोकलेली दांडी पकड घेत नाही. तेथे हाडांचे सिमेंट भरून दांडी बसवणे बरेचदा अधिक सुरक्षित. इंग्लंडमधील सर जॉन चार्न्ली यांनी ही पद्धत रुळवली आणि १९६२ साली धातूचा गोळा व टिकाऊ प्लास्टिकची वाटी अशी जोडी आणली. सिमेंट गोंदासारखे चिकटत नाही. भिंतीतील फटीत चुना भरावा तसे ते जागा भरते. म्हणून "सिमेंटचे म्हणजे जुने आणि हलके" हा समज चुकीचा आहे.

आता शेकडो माणसांचे सीटी स्कॅन संगणकात घालून सरासरी आकार काढतात आणि त्यावरून ठरावीक मापे बनवतात. कर्करोगाने हाड काढावे लागले किंवा हाड जन्मतःच वेडेवाकडे असले, तर त्या एका माणसापुरती दांडीही घडवता येते. नेहमीच्या मोडाला तेवढ्या खर्चाची गरज नसते. तेथे कपाटातील मापांतून योग्य ते निवडणे पुरते. ते निवडण्यासाठी सर्जन पुष्कळदा दुसऱ्या, न मोडलेल्या पायाचा एक्स-रे काढतात, कारण तोच त्या माणसाचा खरा नमुना. "धड पायाचा फोटो कशाला?" म्हणून वाद घालू नये.

आपण काय करावे

१. मांडी मोडल्याची शंका आली तर चोळू नये, ओढू नये. मोडलेल्या मांडीत आतल्या आत एक लिटरहून अधिक रक्त जाऊ शकते. दोन्ही पाय मध्ये चादर घालून एकत्र बांधावेत, फळीवर निजवून इस्पितळात न्यावे.

२. म्हाताऱ्या माणसाचा खुबा मोडला तर "वय झाले, राहू द्या" म्हणू नये. प्रकृती झेपत असेल तर एक-दोन दिवसांत शस्त्रक्रिया होणे हिताचे. पडून राहण्यानेच छाती भरते आणि पाठीला जखमा होतात.

३. शस्त्रक्रियेपूर्वी डॉक्टरांना नम्रपणे विचारावे : "डॉक्टरसाहेब, माप घेतले का? लांबी आणि जाडी किती लागेल? ते माप येथे मिळते का?" चांगल्या सर्जनला ह्याचा राग येत नाही.

४. रॉड घातल्यानंतर पाय टेकताना गुडघ्याच्या वर, पुढच्या बाजूला सतत दुखत असेल तर तेल चोळत बसू नये. नवा एक्स-रे काढून घ्यावा.

५. गोळा बदलला असेल तर उकिडवे बसणे आणि मांडी घालणे याविषयी सर्जनचे ऐकावे. परसातल्या शौचकूपावर ठेवायची भोकाची खुर्ची सुतार बनवून देतो.

६. रॉडच्या पाकिटावर कंपनी, माप आणि क्रमांक लिहिलेली चिठ्ठी असते. तिची प्रत मागून घ्यावी. पुढे रॉड काढावा लागला तर त्याच जातीचे हत्यार लागते, आणि चिठ्ठी नसेल तर ते कोणते हे सर्जनना अंदाजाने ठरवावे लागते. ही चिठ्ठी आणि एक्स-रे जमिनीच्या कागदांबरोबर ट्रंकेत ठेवावेत.